मायचं हसू, मायचं रडू

साखरखेर्डा,
ता. ४ जानेवारी १९६६

चि. जानराव यास दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. हरभरा बरा आहे. लोक विचारतात, धाकटा मुंबईत काय करतो? मी सांगतो, मेंदूच्या दवाखान्यात मांजराईले राग आणतो. तुझी वहिनी म्हणते, अशा कामाचा पगार देणारं सरकार एकदा पाहिलं पाहिजे.

पण आता तुझ्या विद्येचं काम पडलं. आपल्या बेबीचे सासरे, बीबी गावचे किसनराव, वारले. लकव्यानं मायची वाचा गेली, उजवा हात लुळा पडला, तरी सोयऱ्याकडे दुखवट्यात बसाले जाणं टाळता येते काय? गाडीत गादी टाकून तिला नेलं. विहीणबाई गळ्यात पडून रडू लागल्या आणि माय खदखदा हसली. थांबता थांबेना. रडणाऱ्या बाया चूप झाल्या. आता निरोप आला आहे, की बेबी माहेरी येणार नाही आणि तिच्या मायनंही त्यांच्या दारात पाय ठेवू नये. मले मान वर करता येऊन नाही राह्यली. तू हसण्यारडण्याचंच शिकून राह्यला ना? मग चार ओळी लिही.

तुझा दादा, हिंमतराव


मुंबई,
ता. ११ जानेवारी १९६६

ती. दादांच्या चरणी जानरावचा नमस्कार, वि. वि.

आम्ही मांजराच्या मेंदूत बारीक तार सोडतो. एका ठरावीक जागी विजेचा हलका प्रवाह दिला, की ते फिस्कारतं, अंगावरचे केस उभे राहतात. प्रवाह थांबला, की निवांत दूध चाटू लागतं. चेहऱ्यावरचा राग आणि आतला राग नेहमी सोबत असतातच असं नाही. लकव्यात मेंदूचा ताबा सुटतो. मग हसू किंवा रडू आपोआप येतं, मनात तसं काही नसतानाही. मायच्या हसण्याचा अर्थ कुणी लावू नये. हे पत्र विहीणबाईंना वाचून दाखवावे.

वहिनींना सांगावं, पगार देताना साहेबाचंही तोंड त्या मांजरासारखंच होतं.

आपला आज्ञाधारक,
जानराव


साखरखेर्डा,
ता. ३ फेब्रुवारी १९६६

चि. जानराव यास आशीर्वाद.

तुझ्या पत्रानं काम केलं. विहीणबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं आणि बेबीला चार दिवस माहेरी धाडलं. काल जावई न्यायला आले. निघताना माय मोठ्यानं रडू लागली आणि डाव्या हातानं तिनं बेबीचा पदर धरला. बेबी थांबली होती. जावयांनी समजूत घातली, की हा आजार आहे, तुझ्या भावानं लिहिलंच आहे. मीही हो म्हटलं आणि पदर हळूच सोडवला. बेबी मागं न पाहता गाडीत बसली. माय संध्याकाळपर्यंत रडत होती. आता आम्हाला समजतं, म्हणून कोणी घाबरलं नाही.

सवड काढून येऊन जा.

हिंमतराव


मुंबई,
ता. ९ फेब्रुवारी १९६६

ती. दादांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. रडू आपोआप येतं, पण पदर तसा धरला जात नाही. निदान मी तरी पाहिलेला नाही. कोणतं रडू खरं, हे मला इथून सांगता येणार नाही. आमच्या यंत्रालाही येत नाही. मायला बोलता येत नसलं तरी समजतं. तिचा डावा हात हातात घ्या आणि विचारा, बेबीसाठी रडलीस का? हो असेल तर हात दाबायला सांगा. यापुढे प्रत्येक वेळी आधी तिला विचारत जा, मग माझ्या पत्राला.

तुमचा जानराव


साखरखेर्डा,
ता. १५ फेब्रुवारी १९६६

रा. जानरावभाऊजी यांस रुक्मिणीचा नमस्कार.

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. ह्यांनी लगेच मायजवळ बसून तिचा हात हातात घेतला आणि विचारलं. मायनं हात दाबला. मग ह्यांनी विचारलं, बेबीले परत आणू काय? तिनं पुन्हा दाबला. तेव्हापासून ती ह्यांचा हात सोडून नाही राह्यली, म्हणून हे पत्र मी लिहिते. हे रडून राह्यले. उद्या बीबीले जायचं म्हणतात, मायनं सोडलं तर.

आमच्यावर माया असू द्यावी.

रुक्मिणी