काठावरून समाजसेवा

२ एप्रिल, सकाळी ६.०५
आजपासून रोज सहाला उठायचं आणि रोजनिशी लिहायची. (पाच मिनिटं उशीर पेन सापडेना म्हणून.)

तलाव कार्यालयाचं पत्र आलंय. काठावरच्या जागा यापुढे फक्त समाजोपयोगी व्यवसायांना. तीन सेवाभावी संस्थांची पत्रं मेअखेर जोडायची, नाहीतर जूनमध्ये धक्का उखडायचा आणि सहा कयाक, बारा वल्ही नि पत्र्याची शेड घेऊन चालू पडायचं. विम्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून मी हा पॅडलिंगचा व्यवसाय काढला, त्याला तीन वर्षं होतील. मेहुण्याने त्याच्या टाइल्सच्या दुकानात माझ्यासाठी एक खुर्ची पहिल्या दिवसापासून राखून ठेवलीय. मेलो तरी त्या खुर्चीत बसणार नाही.

काळजी मात्र अजिबात नाही. समाजसेवा माझ्या रक्तातच आहे. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, परवाच्या रिपोर्टात तर नुसती साखर निघाली.

४ एप्रिल
संस्था ठरल्या. मोफत वाचनालय, भटक्या कुत्र्यांचं आश्रयस्थान आणि वृद्धाश्रम. दर रविवारी मोफत पॅडलिंग. बॅनरही छापून आणला: 'आम्ही वल्हवतो, समाज पुढे जातो.' बायकोने विचारलं, आम्ही म्हणजे कोण? तू तर तीन वर्षांत एकदाही बोटीत बसलेला नाहीस. तिला मॅनेजमेंट कळत नाही. प्रशिक्षकाने काठावर थांबायचं असतं, म्हणजे चौफेर लक्ष राहतं. मला पोहता येत नाही हा मुद्दा पूर्ण वेगळा आहे.

१२ एप्रिल, रविवार
वाचनालय. कल्पना अर्थात माझी: निवांत पाण्यावर, बोटीत बसून वाचन. प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक दिलं. वल्हं धरायला दोन्ही हात लागतात हे वाचकांच्या ऐन वेळी लक्षात आलं. बावीस पुस्तकं भिजली. ग्रंथपालबाईंनी ती माझ्याच दोरीवर वाळत घातली. जाताना म्हणाल्या, पत्र देईन, पण तुम्ही ते न वाचलेलं बरं. तोंडावर स्तुती करू नये असं मानणाऱ्या जुन्या वळणाच्या बाई दिसतात.

१३ एप्रिल
सहाला उठणं रद्द. झोप पुरी झाली नाही तर समाजसेवेवर परिणाम होतो.

१९ एप्रिल, रविवार
कुत्री. पाच कुत्री, पाच बोटी, प्रत्येकीत एक स्वयंसेवक. फोटो झकास येणार होता. मी काठावरून शिट्टी वाजवली. माझ्याकडे शिट्टी म्हणजे डावीकडे वळा. आश्रयस्थानात शिट्टी म्हणजे जेवायला या. पाचही कुत्र्यांनी एकदम पाण्यात उड्या टाकल्या आणि पोहत थेट माझ्या अंगावर आली. तीन बोटी उलटल्या. इतकं प्रेम मला या व्यवसायात पहिल्यांदाच मिळालं.

त्यांच्या प्रमुखांनी पत्र द्यायचं कबूल केलंय. शिट्टी मात्र काढून घेतली.

२६ एप्रिल, रविवार
वृद्धाश्रम. नऊ जण. काठावर स्टुलांची रांग लावली, हातात केरसुण्या दिल्या आणि कोरड्या जमिनीवर वीस मिनिटं वल्हवायला शिकवलं. ही माझी स्वतःची पद्धत आहे. एक चौऱ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त नर्सबाई आहेत, फार प्रश्न विचारतात. पडलं तर काय करायचं? म्हटलं, पडायचं नाही. आधी करून कोण दाखवणार? माझ्या कमरेचं दुखणं सविस्तर समजावून सांगितलं. ते पुरं होईपर्यंत बाई पलीकडच्या काठाला जाऊन परतही आल्या होत्या. लहानपण नदीकाठी गेलं म्हणे. तरी श्रेय केरसुणीलाच.

मेहुणा बघायला आला होता. म्हणाला, उंटावरून शेळ्या हाकतोयस. म्हटलं, शेळ्या नीट चालल्यात ना? मग झालं.

३ मे, रविवार
नऊही जण पुन्हा हजर. माझी गोडी लागलीय. एक सुतार आजोबा बोटीत बसायचं सोडून माझ्या गळक्या बोटीच दुरुस्त करत बसले. माणसाला आपण उपयोगी आहोत असं वाटलं पाहिजे, म्हणून करू दिलं. आश्रमाच्या व्यवस्थापिकाबाई आल्या होत्या. मी इथे दिवसभर एकटाच असतो का, दुपारी काय खातो, कोणी भेटायला येतं का, असं बरंच विचारत होत्या. सगळं वहीत टिपून घेतलं. आपल्या कामाचा इतका बारकाईने अभ्यास करणारं कोणीतरी भेटलं.

१० मे, रविवार, संध्याकाळी ५
आजचा प्रसंग नीट नोंदवून ठेवतो, कारण लोक काहीही बोलतात.

पत्रासोबत जोडायला माझा बोटीतला फोटो हवा होता. म्हणून बसलो. वल्हं उलटं धरलं होतं असं काहींचं म्हणणं आहे. काठापासून दोन हातांवर बोट कलंडली. हे मी मुद्दाम केलं. बचावाचं प्रात्यक्षिक कधीतरी द्यायलाच हवं होतं. मी ओरडत होतो तेही प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून. नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, उभे राहा. उभा राहिलो. पाणी कमरेपर्यंत होतं.

फोटो आहे. जोडणार नाही.

१७ मे, रविवार
लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस म्हणून बायको टोमणे मारते. तिने आज यायला हवं होतं. माझ्यासाठी जेवणाचा डबा आला. दोन आज्यांनी शेड झाडून काढली. नर्सबाई आता आल्या आल्या माझं ब्लडप्रेशर बघतात आणि पाठीवर हात फिरवून म्हणतात, घाबरायचं नाही हं बाळा. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. पण वडीलधाऱ्या आहेत, चालवून घेतलं. कृतज्ञता व्यक्त करायची प्रत्येकाची पद्धत असते.

खरं सांगायचं तर आठवडाभर मी रविवारची वाट बघतो. हे फक्त इथेच लिहितोय.

२८ मे
तिन्ही पत्रं आली, बंद पाकिटात. बायको म्हणाली, उघडून बघ तरी. म्हटलं, केलेल्या उपकाराची पोचपावती वाचणं हलकं काम आहे. तशीच नेऊन कार्यालयात दिली. क्लार्कने नोंद केली. भाषण तयार ठेवावं का, विचारलं. तो म्हणाला, कशाचं?

भाषणाचे चार मुद्दे काढून ठेवलेत.

५ जून, दुपारी १२.३०
मंजुरी मिळाली! धक्का राहणार! क्लार्कचा फोन होता, कागद घ्यायला या म्हणाला. लगेच बायकोला फोन केला, मेहुण्यालाही केला. दोघांशी जरा चढ्या आवाजातच बोललो.

५ जून, दुपारी ३.४०
मंजुरी वृद्धाश्रमाला मिळालीय.

क्लार्कने फाइल समोर ठेवली. वाचनालयाने लिहिलंय की या उपक्रमाची आम्हाला गरज नाही, पण सदर गृहस्थांना दिसते. कुत्र्यांच्या प्रमुखांनी लिहिलंय की आमच्याकडे माणसांची सोय नाही, नाहीतर ठेवून घेतलं असतं. वृद्धाश्रमाचं पत्र दोन पानी. आमचे नऊ ज्येष्ठ दर रविवारी एका एकट्या पडलेल्या, पाण्याची भीती वाटणाऱ्या गृहस्थाला धीर द्यायला तलावावर जातात. आता तो हसतो. दोन घास जेवतो. जागा गेली तर खचेल. तरी जागा आमच्या नावे करावी, बोटी आम्ही चालवू आणि त्याला रोज येऊन बसू द्यावं. वर्गवारीच्या रकान्यात माझ्यापुढे 'लाभार्थी' लिहिलंय.

चूक झाली असेल, म्हणून क्लार्कला पुन्हा बघायला सांगितलं. त्याने बघितलं. मग त्याने मला चहा पाजला. त्यालाही पत्र वाचून वाईट वाटलं होतं.

६ जून
या अन्यायाविरुद्ध अर्ज करणार. उद्यापासून तलावावर पाऊल टाकणार नाही. स्वाभिमान म्हणून काही चीज आहे.

बायकोला पत्राबद्दल सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, त्यांना दिसलं, मला तीन वर्षं का दिसलं नाही?

७ जून, रविवार
गेलो होतो. बोटींचा ताबा द्यायचा राहिला होता, म्हणून.

नर्सबाईंनी मला पाण्यात कमरेपर्यंत उभं केलं आणि दहा आकडे होईपर्यंत तोंड पाण्यात ठेवायला सांगितलं. नऊ जण काठावर स्टुलांवर बसून मोठ्याने आकडे मोजत होते. मी सातपर्यंत टिकलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी आठ.