वरच्या फळीचा मान

हँकॉक, मिशिगन
फेब्रुवारी १९९६

ती. लेम्पी मावशीस, ऐलाचा नमस्कार.

फ्लोरिडाच्या उन्हात तुझा गुडघा आता बरा असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक आहोत. बर्फ खिडकीच्या वर गेल्यामुळे स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लागतो. तुझ्या भावाची, म्हणजे ओन्नी मामाची, तब्येत उत्तम आहे. परिणाम होतो तो बाकीच्यांच्या तब्येतीवर.

मामानं फावडी आणि गळाचं सामान विकता विकता गावाला इंटरनेटही विकायला घेतलं, हे तुला ठाऊक आहेच. जुना सर्व्हर नाताळात गेला (शांतपणे, झोपेत). नवा कोणता घ्यायचा यावर घरात तेव्हापासून वाद चालू होता. मी सुटे भाग आणून स्वतः जोडलेलं यंत्र सुचवलं : डिस्क दोन, म्हणजे एक बिघडली तर तीच माहिती दुसरीवर तयार, भरपूर मेमरी, आणि त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली. मामाचं मन बसलं होतं ग्रीन बेचे विक्रेते मिस्टर प्रुइट यांच्या काळ्या, कपाटाएवढ्या यंत्रावर. त्याला पुढून कुलूप होतं. आत काय आहे हे मामानं विचारलं नाही. कुलूप आहे म्हणजे काहीतरी असणारच.

"आणि तुझं ते फुकट कोण देतं?" हे मात्र विचारलं.

"जगभरचे लोक लिहितात, मामा. ज्याला जे येतं ते."

"पैसे न घेता? मग एक तर माल खोटा, नाहीतर माणसं खुळी."

शेवटी ठरलं, की दोन्ही यंत्रं चालवून बघायची, अर्धं गाव यावर आणि अर्धं त्यावर. प्रुइटांचं सरस ठरलं तर देखभालही तेच बघणार, आणि मी शिकागोच्या नोकरीला होकार द्यायचा. (नोकरी चांगली आहे. माझी काही तक्रार नव्हती.)

प्रश्न उरला जागेचा. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, तळघरात पाणी, आणि टेलिफोनच्या तारा येतात मागच्या साउनापाशी, त्या वाफेच्या न्हाणीघरापाशी. लाकडी भिंती, कोरडी हवा, दाराला कडी. विझलेल्या साउनासारखी खोली गावात नाही, असं मीच म्हणाले. आम्ही शनिवारी अंघोळीला शेजारच्या सेल्मा काकूंकडे जाऊ लागलो. प्रुइटांचं यंत्र पाहुणं, म्हणून मामानं ते मानानं बसायच्या सगळ्यात वरच्या फळीवर चढवलं. माझं घरचं, ते राहिलं जमिनीवर.

गेल्या शनिवारी प्रुइट निकाल ऐकायला आले. दारात पाहुणा, त्यात शनिवारची दुपार. मामाचे हात जन्मभर शनिवारी जे करत आले ते करून मोकळे झाले. साउनाची भट्टी बाहेरच्या, कपडे बदलायच्या खोलीतून पेटवतात, तेव्हा आत डोकावायची वेळच आली नाही. दारावर मी 'तापवू नये' अशी पाटी लावली होती. तिच्यावर मामानं पाहुण्यांचा कोट टांगला.

मी दुकानात होते. सेल्मा काकूंचा फोन आला. "ऐला, माझं इंटरनेट मेलं गं! लेकाशी बोलत होते, मधेच मुकं झालं. त्या ओन्नीला म्हणावं, फावडीच विक!"

मी धावले. प्रुइट टॉवेल गुंडाळून, हातात अंगावर मारून घ्यायच्या बर्चच्या डहाळ्या घेऊन तयार उभे होते. मी दार उघडलं. वरच्या फळीवर काळं यंत्र निपचित पडलं होतं. खाली माझं दिवे लुकलुकवत होतं.

"ही सर्व्हर ठेवायची जागा आहे?" टॉवेलात शक्य तेवढ्या रुबाबात प्रुइटांनी विचारलं.

"का? हिचंही याच खोलीत आहे," मामा म्हणाला. "बघा, घामसुद्धा आलेला नाही!"

मग तो माझ्याकडे वळला. "पोरी, तुझी ती खुळी माणसं एकत्र येऊन काम करतात, आणि मोबदला घेत नाहीत?"

"नाही घेत."

"अगं, मग फुकट काय म्हणतेस! तल्को म्हण की!"

तुझं कोठार जळलं तेव्हा सगळं गाव हातोडे घेऊन आलं होतं आणि कॉफी न् वेलदोड्याच्या गोड पावावर, निसूवर, नवं उभं राहिलं होतं, ते मामानं प्रुइटांना साग्रसंगीत सांगितलं. मला नाताळापासून समजावता आलं नाही ते त्या एका फिनिश शब्दानं झालं. लगेच त्याचा चेहरा पडला. "एवढ्या लोकांनी राबायचं, आणि त्यांना साधी कॉफी विचारली का कुणी?"

यंत्रं बाहेर काढली आणि प्रुइटांना रीतसर साउना मिळाला. ते लालबुंद आणि प्रसन्न होऊन, बर्फातल्या मासेमारीचा गळ विकत घेऊन गेले. माझं यंत्र कायम झालं. मी ठीक आहे.

तुझी,
ऐला

ता. क. लिनक्समधला मोडेमचा भाग लिहिणाऱ्या जर्मनीतल्या मुलाला मामा निसू पाठवणार आहे. मामाच्या हातचा निसू दाराला अडण म्हणून चालेल. कृपया तू भाजून पाठव. पत्ता सोबत आहे.

ता. क. २. शिकागोला नकार कळवला. आईला अजून सांगितलेलं नाही. तू फोन करशील का? तुझ्याकडून कळलं तर ती आधी तुझ्यावर चिडेल. (हे पत्र खरं तर याचसाठी.)

ता. क. ३. प्रुइटांचं यंत्र गार झाल्यावर बिनतक्रार चालू झालं. त्यात काहीच दोष नव्हता. साउनात वरची फळी किती तापते आणि जमीन किती गार राहते, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी गप्प राहिले. काल दारावर मोठ्या अक्षरांची नवी पाटी लावायला गेले, तर मामा म्हणाला, "कशाला? जुनीच राहू दे. ती वाचली होती मी."