स्टुलावरून चालवलेलं युद्ध

ती. ताईस वाकून नमस्कार (स्टुलावरून वाकणं धोक्याचं, म्हणून मनातल्या मनात). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला?

मी, परराष्ट्र खात्याचा उपसचिव, अकरा दिवस तीन पायांच्या स्टुलावर बसून राष्ट्रसेवा करतो आहे. इतिहासात याची नोंद होणार नाही, म्हणून तुला कळवतो. आपल्या बाजूने लढणारे दोन परके सेनापती इथे करारासाठी आलेत. एक मिशीवाले, एक चष्मेवाले. (शत्रूशी त्यांचं फारसं वाकडं नाही, एकमेकांशी आहे.) दोघांना अगदी एकसारखी खुर्ची हवी. अख्ख्या इमारतीत जोडी जमली ती मंत्र्यांच्या आणि माझ्या खुर्चीची. माझी डुगडुगते. ती मिशीवाल्यांच्या वाट्याला आली आणि ऐन पुलाच्या कलमावर ते डावीकडे कलंडले. चष्मेवाले हसले. झालं! "माफी मागा, नाहीतर उद्या सकाळी पुलावरचं माझं सैन्य परत!" "खुर्ची डुगडुगली, माफी मी मागू?"

ताई, त्याच पुलावर तुझा धाकटा मुलगा पहाऱ्याला आहे. मिशीवाल्यांची माणसं उठली की त्याच्या डाव्या हाताला नुसती नदी उरते.

तेव्हा मला तुझं गेल्या महिन्यातलं पत्र आठवलं. छत्रीवरून माझा आणि दादाचा नऊ वर्षं अबोला, आणि तू लिहिलंस, "दादाला वाईट वाटतंय रे, पण विषय काढू नकोस, ओशाळतो बिचारा." मी मिशीवाल्यांच्या कानाशी लागलो : चष्मेवाले फार खजील झालेत, पण विषय काढू नका. मग व्हरांडा ओलांडून चष्मेवाल्यांना हेच, मिशीवाल्यांबद्दल. "जाऊ द्या हो," ते विरघळलेच, "माणूस मनाने मोठा आहे!" दुपारी दोघं दारात एकमेकांना 'आधी आपण' म्हणत इतका वेळ थांबले, की सह्यांना पाऊण तास उशीर झाला. सैन्य पुलावरच आहे. मंत्र्यांनी माझ्या मुत्सद्देगिरीची पाठ थोपटली आणि माझी खुर्चीही स्वतःकडे ठेवून घेतली.

तुझा,
धाकटा भाऊ (स्टुलारूढ)

ता. क. धाकटा सुखरूप आहे. निरोप आलाय : मोजे पाठवा.

आणखी ता. क. काल दादाचं पत्र आलं. मला उदार मनाने क्षमा केल्याचा सूर आहे. मी तर कसलीच माफी मागितली नव्हती! त्याला तू काय लिहिलं होतंस? नको, सांगू नकोस.

शेवटचं ता. क. सोबत दादाची छत्री आहे; मी नेलीच नाही असं नऊ वर्षं शपथेवर सांगत आलो, ती. तो घरी नसताना त्याच्या दाराआड टांगून ठेव. आणि विषय काढू नकोस.