एका मांडवात दोघी

प्रिय मामा,

तू जेवणावरून उठून दुपारच्या बसने भद्रावतीला निघून गेलास, त्यानंतर इथे काय झालं ते तुला कोणी कळवणार नाही. म्हणून मीच लिहिते आहे.

तुझ्यामागे रुद्रप्पाकाकांनी पाट ओढला, पान जुळवलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं, “पोरगा गप्प बसला म्हणजे हो म्हणाला. एकाच मांडवात दोघींना उजवू. सख्खा मामा आहे, हक्काचा. धाकटी संसार करेल, लंगडी चुलीपाशी बसेल. तिच्याही गळ्यात लग्नाची ताळी पडली की गावाचं तोंड बंद.” अप्पांनी मान हलवली. मी दाराआडून म्हणाले, “मला नको.” आधी कोणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हटलं, तेव्हा काकू खो खो हसल्या. “अगं बाई, मांडवाच्या खांबाला विचारतात का, कुठे उभा राहतोस म्हणून?” मग सगळेच हसले. खरं सांगू, मलाही हसू आलं. इतकी दमले होते.

अव्वा मात्र हसली नाही. तुझ्या बहिणीला तू ओळखतोसच. ती रोजच्यासारखी खोबरेल घेऊन माझ्या पायाशी बसली आणि चोळता चोळता म्हणाली, “सर्वी, परक्याच्या घरी तुला पाणी कोण देईल? माझ्या भावाकडे राहशील तर मी सुखाने डोळे मिटेन. मी गेल्यावर या पायाला तेल कोण लावणार?” मी म्हटलं, “मी लावेन, अव्वा. माझे हात धड आहेत.”  तेल संपलं तरी ती चोळतच राहिली.

धाकट्या हेमाचं काय चाललंय याची तुला कल्पना नसेल. नाचणीचे मुद्दे पुढ्यात गार होतात, पोरगी जेवत नाही. तिला तुमकूरला जाऊन मास्तरीण व्हायचं आहे. काल नारळाच्या झावळ्या ओढताना मला म्हणाली, “अक्का, मामाला मी मामाच म्हणते गं. दुसरं काही तोंडातच येत नाही.” आणि मग माझ्याकडे चोरून बघितलं. तिला वाटतं, माझ्या वाटणीचं काहीतरी तिला दिलं जातंय. तिला कसं सांगू, की ते मला कधी मिळालंच नव्हतं?

बारशालाच आजीने माझं नाव तुझ्याशी जोडलं होतं म्हणतात. मग ताप आला, पाय गेला, आणि तो विषय सगळ्यांनी सोडून दिला. पण लहानपणी जत्रेत गर्दीत मला काही दिसेना तेव्हा तू खांद्यावर घेतलंस, देवाच्या रथावर रिवाजाप्रमाणे केळं फेकायला. कोणीतरी ओरडलं, “आत्तापासूनच बायकोला डोक्यावर बसवलंस का रे?” तू हसलास. मी तुझ्या केसांत तोंड लपवलं. केळं कुठे पडलं ते मी पाहिलंच नाही.

त्या दिवशी जेवताना मी दाराच्या फटीतून तुझ्याकडे बघत होते. तुझा घास हातातच राहिला होता. मला वाटलं, आता मान वर करशील, आता म्हणशील, “बायको करायचीच तर सर्वीला करतो, एकटीला.” म्हणाला असतास तर मी या पायाने धावत आले असते. तू ताटात बोट फिरवत राहिलास. रागावले नाही मी. वाट बघण्याचा कंटाळा आला एवढंच. तोही जाईल. माझं हातमशीन आहे, गावातल्या बायकांची पोलकी आहेत, माझं चालतं.

आता एकच कर. शिवरात्रीनंतर लग्न पक्कं करायला विड्याची ताटं घेऊन काका तुझ्याकडे निघतील. त्याआधी तू इथे ये आणि सगळ्यांसमोर म्हण, की मला दोघीही नकोत. माझा नकार इथे हसण्यावारी जातो, हेमाचा तर घशातच राहतो. नवऱ्यामुलाचा नकार मात्र उभं राहून ऐकतात. काका तोंडाला येईल ते बोलतील, अव्वा रडेल, माझी कीव येऊन तुझी जीभ अडखळेल. अडखळू देऊ नकोस. दाराकडे बघू नकोस. मी आत असेन आणि ते शब्द मला तुझ्याच तोंडून ऐकावे लागतील, हे मला ठाऊक आहे. तरी ये.

तुझी भाचीच,
सर्वमंगळा