माझ्या नेतृत्वाखालील असंतोष

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ८.१०

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, गोपिकाला तर नाहीच. पण या कंपनीचं वाटोळं तारीखवार कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे, आणि ते लिहिण्याची कुवत असलेला माणूस आमच्या मजल्यावर एकच आहे.

अकरा वर्षं झाली. शाळांसाठी हजेरीचं अ‍ॅप बनवतो आम्ही. मी टीम लीड, हाताखाली आठ जण. जानेवारीपर्यंत बरं चाललं होतं. मग डायरेक्टर म्हणून साहिल आला. वय बत्तीस, बंगलोरहून. मोजे घालत नाही. पहिल्याच दिवशी म्हणाला, मला सर म्हणायचं नाही, फक्त साहिल म्हणा. तेव्हाच ओळखलं, हा माणूस धोकादायक आहे.

आज रिसेप्शनच्या भिंतीवर नवीन पोस्टर: आपण एक कुटुंब आहोत. प्रताप नगरला माझंही कुटुंब आहे. तिथं दार उघडायला गळ्यात पट्टा घालून कार्ड टेकवावं लागत नाही.

संकल्प: टीमला जागं करायचं. ती झोपलेली आहे, त्यांचा दोष नाही. चहासुद्धा कमी करायचा.

८ एप्रिल, मंगळवार

लीड लोकांची मीटिंग. साहिलनं जाहीर केलं की नवीन व्हर्जन १४ तारखेला लाइव्ह जाणार, सगळ्यांनी ऑफिसात यायचं. कोणाला काही प्रॉब्लेम आहे का, असं प्रत्येकाकडे बघून विचारलं.

मी काहीच बोललो नाही. मुद्दाम. मौन हा सर्वात तीव्र निषेध असतो आणि असल्या माणसाला तो बरोबर टोचतो. साहिल म्हणाला, ग्रेट, धर्मेंद्र इज ऑन बोर्ड. टोचलं असणार.

दुपारी टीमला निरोप दिला. आमच्या टेस्टर लतिका मेश्राम यांनी विचारलं, चौदा एप्रिलला काय असतं ते तुम्ही साहिलना सांगितलं का. दरवर्षी त्या दिवशी त्या आईला घेऊन दीक्षाभूमीला जातात, ती सकाळी सहालाच तयार होऊन बसते म्हणे. मी सांगितलं, मी माझा निषेध नोंदवला आहे. कसा नोंदवला, असं विचारलं. म्हटलं, लीड लेव्हलच्या गोष्टी असतात.

चार वर्षांपासून आहेत लतिका. काम चोख. पण बोलणं कमी, त्यामुळे नेतृत्वगुण नाहीत.

११ एप्रिल, शुक्रवार

एचआरनं सर्व्हे पाठवला. निनावी. माझ्या पेनाला धार आली. साहिलचे बूट, पोस्टर, मीटिंगमधलं इंग्रजी, जिन्यातला वास, सगळं घेतलं. पण उत्तराच्या चौकटीत पाचशेच अक्षरं मावतात. मग सहा वेळा फॉर्म भरला. प्रत्येकाच्या शेवटी ‘क्रमशः’ लिहिलं.

चारच्या चहाला एचआरच्या मोनाली भेटल्या. म्हणाल्या, सर, तुमच्या टीममध्ये माणसं नऊ आणि उत्तरं चौदा कशी आली. मी म्हटलं, लोक पेटले आहेत. त्या माझ्याकडे बघून हसल्या. एचआरला असंतोषाची भीती वाटते तेव्हा ते असेच हसतात.

१४ एप्रिल, सोमवार. संध्याकाळ

इतिहासात नोंद व्हावी असा मूर्खपणा. सकाळी नऊपासून सगळे हजर, साहिलनं पिझ्झे मागवले, काउंटडाउन लावला. व्हर्जन तयार. पण ते शाळेनं उघडून ‘चालतं’ म्हणायचं असतं. आणि शाळा बंद. फोन वाजून राहिला, कोणी उचलत नाही. आज सुट्टी आहे हे बंगलोरच्या या विद्वानाला कोण सांगणार?

मी दोनला निघालो. अन्यायाच्या ठिकाणी जास्त वेळ हजर राहणं म्हणजे त्याला मान्यता देणं. बाकीचे सहापर्यंत होते म्हणे. तो त्यांचा वैयक्तिक निर्णय.

घरी गोपिकाला सांगितलं. ती स्वतः शाळेत शिकवते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्या साहिलले माहीत नव्हतं, समजू शकते. तुम्ही तर नागपूरचे. तुम्ही काहून नाही बोलले?”

तिला कॉर्पोरेट कळत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आता तर कहर. आमच्या टीममधला प्रेमानंद, उमरेडचा, सरळ पोरगा. त्याच्या वडिलांची बायपास २३ तारखेला आहे. सुट्टीचा अर्ज टाकून दोन आठवडे झाले, कंपनीकडून उत्तर नाही. हे त्यानं मला आज चहाच्या टपरीवर सांगितलं, तेही हळूच, बाजूला घेऊन.

मी बाजूला राहणारा माणूस नाही. तिथंच सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, ज्या कंपनीत मुलाला बापाच्या ऑपरेशनसाठी परवानगीची वाट बघावी लागते, तिनं भिंतीवर कुटुंब लिहू नये. म्हटलं, अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी आरशात कसं बघावं. दहा मिनिटं तरी बोललो. एकही जण मधे बोलला नाही. प्रेमानंद खाली ग्लासात बघत होता. हलला होता बिचारा.

लतिकांनी एवढंच विचारलं की अर्ज नेमका कोणाकडे अडकला आहे. मी म्हटलं, सिस्टिमकडे.

२० एप्रिल, रविवार

२८ ला टाउनहॉल आहे. सगळी कंपनी एका हॉलमध्ये. तिथं बोलायचं ठरवलं. भाषण तीन पानी झालं, सुरुवात चार वेळा बदलली. सोबत राजीनामाही लिहून ठेवला. गरज पडणार नाही, ते थांबवतील. पण खिशात असला की आवाजात वजन येतं.

दुपारी बर्डीच्या बाजारात जाऊन लिननचा पांढरा शर्ट घेतला. पारा चव्वेचाळीसवर. क्रांतीच्या वेळी माणूस घामेजलेला दिसता कामा नये.

२२ एप्रिल, मंगळवार

मे महिन्यात पचमढीला जायचं म्हणून माझी सुट्टी टाकायला पोर्टल उघडलं. वर उजवीकडे लाल रंगात बारीक आकडा. दाबला. ‘आपल्या मंजुरीच्या प्रतीक्षेत: २७.’

त्यात प्रेमानंदचा. ३ एप्रिलचा.

किती भिकार डिझाइन. इतका बारीक आकडा कोणाला दिसणार? साहिलच्या राज्यात दुसरी अपेक्षा नाही. ताबडतोब मंजूर केला, ४.४० ला. पण प्रेमानंद सकाळीच निघून गेला होता. मंजुरीशिवाय गेला, म्हणून सिस्टिमनं त्याची गैरहजेरी लावली.

टीमला आत्ता सांगण्यात अर्थ नाही. लढ्याच्या ऐन मध्यात लोकांचा विश्वास डळमळू द्यायचा नसतो. प्रेमानंदला मेसेज लिहायला घेतला. पुसला. पुन्हा लिहिला. शेवटी नुसता अंगठा पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर आलं नाही. ऑपरेशनच्या गडबडीत असेल.

पचमढीचा अर्ज टाकला नाही. का कोणास ठाऊक.

२५ एप्रिल, शुक्रवार

विजयाचा दिवस. माझं पेरलेलं उगवलं.

तीनच्या सुमारास लतिका माझ्या टेबलाशी आल्या. हातात दोन पानं. म्हणाल्या, टीमनं साहिल आणि मोनालींना द्यायला पत्र लिहिलं आहे, तुम्हाला न दाखवता वर देणं बरं वाटलं नाही, म्हणून आणलं. खाली सह्या होत्या. आठच्या आठ. प्रेमानंदची पण, म्हणजे तो जाण्याआधीच हे सुरू होतं. माझ्या त्या टपरीवरच्या भाषणानंतरच, उघड आहे.

मी भारावलो. पेन काढला. त्या म्हणाल्या, “सही नाही पाहिजे सर. वाचा फक्त.” म्हटलं, मी हे महिनोन् महिने जगतो आहे, मला वाचायची काय गरज. त्या म्हणाल्या, “दुसरं पान तरी वाचा.” काय ही विनम्रता. मी सगळ्यात वर, जागा करून, पूर्ण नाव लिहिलं: धर्मेंद्र चाफले, टीम लीड. खाली दोन रेघा ओढल्या.

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. अजून काहीतरी बोलणार होत्या. मी हात उचलून थांबवलं. आभार मानायची वेळ नंतर येईल.

२८ एप्रिल, सोमवार

टाउनहॉल. पांढरा शर्ट. खिशात भाषण आणि राजीनामा.

साहिल पाऊण तास बोलला. ‘जर्नी’ हा शब्द मी एकोणीस वेळा मोजला. मग म्हणाला, प्रश्न विचारा, अगदी मोकळेपणानं. मी हात वर केला. माइक आला. तीनशे लोक. वातावरणनिर्मितीसाठी आधी छोटा प्रश्न घ्यावा असं त्या क्षणी वाटलं, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या कॉफी मशीनबद्दल विचारलं. साहिल म्हणाला, फार चांगला मुद्दा, आणि त्यावर नऊ मिनिटं बोलला. तोवर माइक पुढं गेला होता.

मग लतिका उठल्या. माइक नाही, काही नाही. म्हणाल्या, “चौदा एप्रिलला आम्ही दिवसभर इथं बसलो आणि समोर फोन उचलायला कोणी नव्हतं. माझी आई त्या दिवशी एकटी गेली. हे पुन्हा होणार नाही, असं कोण सांगते?”

साहिलचा चेहरा उतरला. म्हणाला, मी सगळ्या लीडना विचारलं होतं, एकानंही अडचण सांगितली नाही.

आमची सगळी रांग वळून माझ्याकडे बघत होती. अपेक्षेनं. मी मान डोलावली, लतिकांना पाठिंबा म्हणून.

३० एप्रिल, बुधवार

अकरा वाजता केबिनमध्ये बोलावलं. साहिल आणि मोनाली. टेबलावर पत्र. मला वाटलं, वाटाघाटी. पाणी मागितलं नाही, मुद्दाम.

साहिलनं विचारलं, “ही सही तुमचीच आहे?”

ताठ बसून म्हटलं, माझीच.

त्यानं दुसरं पान माझ्याकडे फिरवलं. तेव्हा वाचलं.

पहिल्या पानावर साहिल होता, पण निम्मंच पान. दुसरं पान पूर्ण मी. सुट्टीचे अर्ज पडून राहतात. मीटिंगमध्ये आमच्या वतीनं कोणी बोलत नाही. १४ तारखेला आम्हाला बसवून लीड दोनला घरी गेले. चहाच्या वेळी कंपनीबद्दल भाषणं होतात, त्यात काम राहतं आणि मग आम्ही ते शनिवारी करतो. शेवटचं वाक्य: आम्हाला सरांबद्दल राग नाही, पण आम्हाला दुसरा लीड द्यावा. त्याच्या खाली नऊ सह्या. सगळ्यात वर माझी. दोन रेघांसकट.

साहिल म्हणाला, स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर स्वतःच सही करणारा माणूस त्यानं आजवर पाहिला नव्हता. फार धैर्य लागतं म्हणाला. तो हे मनापासून बोलत होता, हे जास्त वाईट. मोनाली खिडकीबाहेर बघत होत्या, त्यांचे खांदे हलत होते. मग साहिल म्हणाला, तुमच्या मागणीचा आम्ही आदर करतो.

राजीनामा काढायचा हा क्षण होता. पण तो आणि भाषण एकाच घडीत होते. वेगळे करेपर्यंत दोघं उठून गेले.

दुपारी साहिलचा सगळ्या कंपनीला मेल: चौदा तारखेची चूक त्याची, यापुढे ती सुट्टी कायम. तीन ओळी. त्यातही आंबेडकरांच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं, पाच मिनिटांनी दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. हे लोक कंपनी चालवतात.

१ मे, गुरुवार. सुट्टी

गोपिकाला सांगितलं की लीडपद मी स्वतःच्या मागणीवरून सोडलं. खोटं नाही. कागद आहे.

ती भाजी निवडून राहिली होती. म्हणाली, बरं झालं. कशासाठी बरं, ते मी विचारलं नाही.

५ मे, सोमवार

लतिका लीड झाल्या. मला खिडकीजवळून उचलून टीमच्या रांगेत जागा दिली. सकाळच्या उभ्या मीटिंगमध्ये प्रत्येकानं सांगायचं असतं, काल काय केलं, आज काय करणार. मी माझ्या अनुभवाबद्दल बोलायला सुरुवात केली. लतिका म्हणाल्या, “सर, फक्त आजचं सांगा.”

आजचं काम: हजेरीच्या पानावर विद्यार्थ्याचं नाव मोठं असलं की चौकटीबाहेर जातं, ते आत बसवायचं. मला हसू आलं. अकरा वर्षांच्या अनुभवाचा माणूस, आणि हे काम.

मशीन उघडलं. त्यात अ‍ॅपचा कोडच नव्हता. सहा वर्षांपूर्वी नवीन लॅपटॉप मिळाला तेव्हापासून कधी लागला नव्हता.

प्रेमानंद आजच परत आला होता. त्यानं बघितलं, खुर्ची ओढली आणि शेजारी बसला. सगळं चालू करून द्यायला दोन तास लागले. कुठं काय दाबायचं ते दाखवत होता, मी दाबत होतो. साडेबाराला मी विचारलं, वडील कसे आहेत.

“बरे आहेत सर. परवा घरी आणलं.” मग म्हणाला, “तुम्ही विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.”

मला अर्जाबद्दल सांगायचं होतं. तोंड उघडलं. तो म्हणाला, “माहीत आहे सर. पोर्टलवर दिसते, कोणाकडे पडून आहे ते. सगळ्याइले दिसते.” म्हणजे टपरीवरच्या त्या दिवशीही माहीत होतं. सगळ्यांना.

मग तो आपल्या जागेवर गेला.

५.४० ला नाव चौकटीत बसलं. लतिकांकडे तपासायला पाठवलं. दहा मिनिटांत परत आलं. शेरा: मोबाइलवर अजून बाहेर जाते.

तपासायची गरजच नव्हती, मी स्वतः बघून पाठवलं होतं. तरी मोबाइल काढून उघडून बघितलं.

जाते.