आधी डबी, मग गोळी

प्रिय ताई,

ह्यांच्या हातातला खोका आत्ता उघडू नकोस. ह्यांना चहा दे, बसव, आणि आधी हे वाच. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. अक्षराला हसायचं नाही.

तुझी भाची बरी आहे. माझ्या मांडीवर लोळत पेनाचं टोपण चोखतेय. पण मधे ताई, माझा जीव टांगणीला लागला होता. पोरीला ताप. सर्दी नाही, खोकला नाही, ताप मात्र उतरायचा आणि पुन्हा चढायचा. दूध तोंडाला लावेना. आपली ती औषधांची पिशवी, ज्याचं उरलं त्याने टाकायचं, ज्याला लागलं त्याने मागून न्यायचं, ती नेमकी तुझ्याकडे. घरात असती तर तुझ्या थोरल्याचं उरलेलं औषध मी तिला पाजलंच असतं.

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी लघवी तपासायला घेऊ, मग औषध. झाकणाची डबी हातात दिली. आत बोट लावायचं नाही, दुपटं पिळून चालणार नाही, धार वरच्यावर झेलायची. आता एवढ्याशा पोरीला हे सांगणार कोण? मी तिला धरून, हे समोर डबी घेऊन उकिडवे. नर्स म्हणाली, गार ओल्या कापसाने ओटीपोटावर चोळा. चोळलं. तेवढ्या तापातही पोरीने अशी धार मारली की ह्यांचा शर्ट भिजला, चष्मा भिजला, डबी कोरडी! नर्स म्हणते, अहो बाबा, डबीने झेला, अंगाने नाही. दुसऱ्या डबीत झेलली तेव्हा हे असे ओरडले की बाहेर बसलेल्या बायका दचकल्या.

औषध लगेच सुरू केलं, पण ताप हटेना. मी रडून रडून अर्धी. मग लघवीतले जंतू वाढवून बघतात ना, तो रिपोर्ट आला. बाई म्हणाल्या, जंतू निगरगट्ट आहेत, ह्या औषधाला भीक घालत नाहीत. पण कशाला घाबरतात तेही कळलंय. मग दुसरी इंजेक्शनं दिली. एक दिवस सकाळी पोरीने माझं नाक धरून ओढलं. आई गं, नाक ओढून घ्यायला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं!

जंतू इतके शेफारतात कशाने, मी विचारलं. बाई म्हणाल्या, आपणच लाडावतो. अर्धवट घेतलेल्या गोळ्या, दुसऱ्याच्या गोळ्या, नको तेव्हा घेतलेल्या. त्यातून जे वाचतात ते सरावतात, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातात. आणि तपासणीआधीच औषध पोटात गेलं तर जंतू दबून बसतात, रिपोर्टात धड दिसतही नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर आपली पिशवीच आली.

आणि काल तुझा निरोप. लघवीला जळजळतंय, सारखं जावं लागतंय, पिशवीतल्या लाल गोळ्या घेऊ का. ताई, तुझ्या पोटात बाळ आहे गं! त्या गोळ्यांना हात लावू नकोस. आता उघड खोका. लोक बहिणीला कपडे पाठवतात, मी रिकामी डबी पाठवतेय. कोरी आहे, दवाखान्यात जाईपर्यंत झाकण काढू नकोस. ह्यांना बजावलंय, तुला डॉक्टरांसमोर बसवल्याशिवाय आणि ती पिशवी घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. नवा शर्ट घालून आलेत बिचारे. सांग त्यांना, ह्या वेळी झेलायचं काम त्यांच्याकडे नाही.

तुझीच, नाक लाल झालेली,
धाकटी