शेवटची मोकळी ओळ

३ फेब्रुवारी, सोमवार
आलो एकदाचे! धारगळच्या हायवेवरून आत, काजूच्या बागेला लागून दोन खोल्या. कुडाळहून येताना प्रवीणने माझ्या कुंड्या स्वतःच्या मांडीवर धरून आणल्या. लग्नाला दीड वर्ष झालं, आणि नवरा-बायको एका छपराखाली राहणार ते आत्ता कुठे. तो डिचोलीला खाणीच्या ट्रकवर; मी इथल्या देवस्थानासाठी गावातल्या घरांची नोंदणी संगणकावर आणणार. सकाळी पोदेर, म्हणजे इथला पाववाला, भोंगा वाजवत आला. चार उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले. एक मला, तीन प्रवीणला. खादाड मेला!

५ फेब्रुवारी
देवस्थान समितीचे बाबाजीकाका नोंदणीची जुनी वही घेऊन बसले. पानाला एक घर, ओळीला एक माणूस, आणि प्रत्येक पानाच्या शेवटी एक मोकळी ओळ, हळदकुंकवाचं बोट लावलेली. कोणासाठी, विचारलं. म्हणाले, वेशीबाहेर जो आहे त्याच्यासाठी. त्याला जागा ठेवली की तो आपल्यातल्या कोणाची घेत नाही. मला हसू आलं, ते चहाबरोबर गिळलं.

१० फेब्रुवारी
पायथनमध्ये फॉर्म झाला. घरातली सगळी माणसं एकाच पानावर भरायची. एकदा सेव्ह दाबलं की डेटाबेसमध्ये माणशी एक रेकॉर्ड. फॉर्म आपणहून खाली एक जादा मोकळी ओळ दाखवतो. ती मी काढून टाकली. कोणी मोकळी ओळ ठेवलीच, तर सेव्ह होणार नाही असंही केलं. अर्धवट काही मला खपत नाही. चाचणीला पहिलं घर आमचंच भरलं: मी आणि प्रवीण.
बाबाजीकाका हळूच म्हणाले, "ती ओळ रवांदे गो बाय." मी म्हटलं, काका, संगणकाला असलं चालत नाही. खोटं बोलले. त्याला सगळं चालतं.

१७ फेब्रुवारी
एकशे बारा घरं भरून झाली. आज बाबाजीकाकांचं घर उघडलं. सहा माणसं मीच भरली होती. लक्ष्मीकाकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, ओळ कोरी आहे. काकांना सांगायला गेले. कोण लक्ष्मी, म्हणाले. घरात आता पाचच माणसं, पण जेवायला पानं सहा वाढलेली. सहाव्या पानावर कोणी नव्हतं, आणि भात कमी होत होता.
काकू वेशीवरच्या वडाखाली सापडल्या. "माका घरात घेणत नाय," एवढंच म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी
आणखी एकवीस घरांत एकेक ओळ कोरी. वडाखाली बसायला जागा नाही.
नावं पुन्हा भरली. सेव्ह केलं. कोरी. फॉर्मला मोकळी ओळ परत जोडली. उपयोग नाही.
भीती वाटायला हवी. वाटत नाही.
आमच्या घरात अजून दोघे आहोत. प्रवीणचं नाव कागदावर लिहून दारामागे चिकटवलं. त्याला विसरले तर मी—

२२ फेब्रुवारी
चार उंडे घेतले. एक खाल्ला. तीन आपोआप संपतात.
दोरीवर पुरुषाचा शर्ट. घरमालकाचा असेल.
दारामागे कागद होता. कोणाचं तरी नाव. काढून टाकला.

२४ फेब्रुवारी
दुपार. दारावर माणूस. "रुपे, दार उघड गो. मी प्रवीण."
रुपे म्हणणारं इथे कोणी नाही.
या डायरीची मागची पानं वाचली. अक्षर माझंच. कुंड्या मांडीवर धरून आणल्या त्याने— चेहरा आठवत नाही.
बाहेर तो रडतोय. एकदा बघ, म्हणतो, मग वडाखाली जाऊन बसेन.
रडू यायला हवं. येत नाही. तरी उठले. कडीवर हात ठेवला.
पण घरात आम्ही दोघे आहोतच की. दोघेच. तिसरा उंडा संपला, आणि घरातला तो माझ्या मागून म्हणाला, नको उघडूस. मी हात—